बॅरिएट्रिक सर्जरी: पोट कापतात म्हणजे नक्की काय कापतात?

वजन कमी करायचं ऑपरेशन म्हटलं की निम्म्या लोकांना वाटतं पोटावरची चरबी कापून बाहेर काढतात. ते वेगळं. नळीने चरबी ओढून काढतात त्याला लायपोसक्शन म्हणतात, ते दिसण्यासाठी करतात आणि त्याने शुगर, बीपी, श्वास यातलं काही सुधारत नाही. बॅरिएट्रिक सर्जरीत चरबीला कोणी हातसुद्धा लावत नाही. काम होतं ते आत, जठरावर आणि काही प्रकारांत लहान आतड्यावर, आणि चरबी मग पुढच्या वर्ष-दीड वर्षात शरीर स्वतःच जाळतं.

माझ्या मावशीचं हे ऑपरेशन व्हायचं होतं तेव्हा घरात जितकी तोंडं तितकी मतं होती. एक मामा म्हणाले तोंड बंद ठेवलं असतं तर ही वेळ आली नसती, दुसऱ्यांनी कोणाच्या तरी ओळखीतली बाई दगावल्याची गोष्ट सांगितली, आणि आजीला एवढीच काळजी होती की आता ही सणावाराला पुरणपोळी खाणार की नाही. तेव्हापासून मी या विषयावर बरंच वाचलं, डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं, त्यातलं जे जे पक्कं कळलं ते इथे सोप्या भाषेत लिहितोय. मी डॉक्टर नाही, तेव्हा स्वतःच्या निर्णयासाठी डॉक्टरांकडेच जा.

आधी बीएमआय. किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. उंची 160 सेंटीमीटर आणि वजन 105 किलो असेल तर 105 भागिले 2.56, म्हणजे साधारण 41. हा आकडा 30 च्या वर गेला की जगभरात त्याला लठ्ठपणा म्हणतात, 35 च्या वर गंभीर आणि 40 च्या वर अतिगंभीर. 1991 साली अमेरिकेत तज्ज्ञांनी बसून ठरवलं की 40 च्या वर किंवा 35 च्या वर पण सोबत डायबिटीस, बीपी असले आजार असतील तर ऑपरेशन करावं, आणि हाच नियम तीस वर्षं चालला. 2022 मध्ये तो बदलला. आता 35 च्या वर असाल तर सोबत आजार असो नसो, ऑपरेशनचा सल्ला देता येतो, 30 ते 35 मध्ये असाल आणि डायबिटीस वगैरे असेल तर विचार करता येतो, आणि आपल्यासारख्या आशियाई लोकांसाठी हीच मर्यादा 27.5 पर्यंत खाली आणलीये.

आपल्यालाच वेगळी मोजपट्टी का? याचं उत्तर पुण्यातलं आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 साली लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये दोघांचा एकत्र फोटो छापला. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, 22.3. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के! दिसायला बारीक पण आतून चरबीवाला असा आपला भारतीय साचा आहे, आणि ती चरबी नेमकी पोटात, लिव्हरभोवती साठते, म्हणून आपल्याकडे कमी वजनातच शुगर मागे लागते. त्यामुळे गोऱ्या लोकांचा तक्ता बघून 'मी अजून 35 ला नाही पोचलो' म्हणत निवांत राहण्यात अर्थ नाही.

आता तो मामांचा मुद्दा. तोंड बंद ठेवलं असतं तर. पाच-सात किलो जास्त असणाऱ्या माणसाला हे लागू होईलही, तो रोज फिरायला जाईल, साखर सोडेल आणि खाली येईल. पण चाळीस-पन्नास किलो जास्त असलं की शरीराचं गणितच बदललेलं असतं आणि हे लोकांना पटत नाही, कारण बाहेरून बघणाऱ्याला ताट दिसतं, आतले हार्मोन दिसत नाहीत. वजन कमी व्हायला लागलं की शरीराला वाटतं दुष्काळ पडला. चरबीतून निघणारं लेप्टिन कमी होतं (हे पोट भरल्याचा, साठा पुरेसा असल्याचा निरोप मेंदूला देतं), भूक लावणारं घ्रेलिन वाढतं, आणि शरीर बसल्या जागी जेवढं इंधन जाळायचं तेही कमी जाळायला लागतं. अमेरिकेत वजन कमी करण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या 14 जणांना संशोधकांनी सहा वर्षांनी परत तपासलं, 2016 मध्ये ते छापून आलं. बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलेलं होतं आणि तरीही त्यांचं शरीर विश्रांतीच्या वेळी अपेक्षेपेक्षा रोज साधारण 500 कॅलरी कमी जाळत होतं. सहा वर्षांनंतर! म्हणजे शेजारचा माणूस जेवढं खाऊन जागेवर राहतो तेवढंच खाऊन यांचं वजन वाढणार. याला आळस म्हणणं सोपं आहे, पण चूक आहे.

म्हणून गंभीर लठ्ठपणात नुसता डाएट आणि व्यायाम यांनी बरंच वजन उतरवून ते वर्षानुवर्षं तिथेच ठेवणारे लोक फार थोडे. असतात, नाही असं नाही, पण थोडे.

ऑपरेशनची कल्पना मुळात लठ्ठपणावर उपाय शोधताना आलीच नाही, ती आली अल्सरवरून. पूर्वी जठरातल्या अल्सरसाठी जठराचा भाग कापून टाकायचे, आणि असे पेशंट नंतर बारीक व्हायचे आणि बारीकच राहायचे. अमेरिकेतल्या आयोवा युनिव्हर्सिटीतले सर्जन एडवर्ड मेसन यांनी हे हेरलं आणि 1960 च्या दशकाच्या मध्यात पहिली गॅस्ट्रिक बायपास केली. त्याच्या आधी 1950 च्या दशकात आतड्याचा मोठा भाग वगळून टाकायची एक पद्धत निघाली होती, त्यात वजन उतरायचं पण लोकांचं लिव्हर खराब व्हायचं, शेवटी ती सोडूनच द्यावी लागली. 'असली ऑपरेशनं धोक्याची' ही जी भीती मागच्या पिढीच्या मनात आहे तिचं थोडं मूळ तिथेही आहे, उगाच नाही. मग 1990 च्या दशकात दुर्बिणीतून, म्हणजे लॅप्रोस्कोपीने हे व्हायला लागलं आणि चित्र पालटलं. आधी पोटावर वीतभर चीर, आता चार-पाच छोटी छिद्रं, संध्याकाळी पेशंटला उठवून चालवतात, दोन-तीन दिवसांत घरी.

आज आपल्याकडे मुख्यतः तीन प्रकार चालतात.

पहिला स्लीव्ह, पूर्ण नाव स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. जठर हे एरवी पिशवीसारखं फुगतं. स्लीव्हमध्ये त्याचा बाहेरचा, फुगणारा सुमारे 75 ते 80 टक्के भाग स्टेपलरने कापून शरीराबाहेर काढतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी मागे ठेवतात. आतडी जशीच्या तशी. हा काढलेला भाग परत बसवता येत नाही, हे नीट लक्षात घ्या, कारण 'नको वाटलं तर उलटं करू' अशी समजूत घेऊन काहीजण जातात. गंमत म्हणजे स्लीव्ह ही आधी स्वतंत्र सर्जरी नव्हतीच. फार जाड पेशंटला मोठं ऑपरेशन एका दमात झेपायचं नाही म्हणून दोन टप्प्यांत करायचे आणि हा पहिला टप्पा होता, पण पहिल्या टप्प्यानंतरच बऱ्याच जणांचं वजन एवढं उतरलं की दुसऱ्याची गरजच पडेना. मग हेच ऑपरेशन म्हणून रूढ झालं आणि आता जगात सगळ्यात जास्त हेच होतं.

दुसरा बायपास. यात जठराच्या वरच्या टोकाला साधारण 30 मिलिलीटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढीच पिशवी वेगळी करतात आणि लहान आतडं खालून उचलून थेट तिला जोडतात. उरलेलं जठर पोटातच राहतं, त्याचे पाचक रस खाली जाऊन मिळतात, फक्त अन्न त्या वाटेने जात नाही. तिसरा मिनी बायपास, जो आपल्याकडे बराच लोकप्रिय आहे. त्यात जठराची लांब नळी करून आतडं एकाच ठिकाणी जोडतात, दोन ऐवजी एक जोड, त्यामुळे वेळ कमी लागतो. पूर्वी जठराला बाहेरून पट्टा आवळायचे, गॅस्ट्रिक बँड, तो आता मागे पडलाय, फार चर्चा करण्यात अर्थ नाही.

आता खरा मुद्दा, जो मला सगळ्यात उशिरा कळला. मला वाटायचं पोट लहान केलं, कमी मावतं, म्हणून माणूस बारीक होतो. हे अर्धंच खरं. तसंच असतं तर माणूस सतत भुकेने तळमळत राहिला असता, जसा कडक डाएटवर राहतो. पण ऑपरेशननंतरचे पेशंट सांगतात की भूकच लागत नाही, घड्याळ बघून खावं लागतं. याचं कारण घ्रेलिन हे भुकेचं हार्मोन बहुतांशी जठराच्या वरच्या फुगऱ्या भागात तयार होतं आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो. शिवाय अन्न लहान आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचायला लागतं आणि तिथून जीएलपी-1, पीवायवाय अशी पोट भरल्याचं सांगणारी हार्मोन्स भराभर सुटतात. थोडक्यात, शरीराने जे जास्तीचं वजन 'आपलं नेहमीचं' म्हणून धरून ठेवलेलं असतं, ती पकडच सैल होते. डाएटमध्ये मेंदू तुमच्या विरुद्ध लढतो, इथे तो काही काळ तुमच्या बाजूने येतो. माझ्या मते हे ज्याला कळलं त्याला 'शॉर्टकट मारला' हा टोमणा किती पोकळ आहे ते आपोआप कळेल.

याच कारणामुळे डायबिटीसवर होणारा परिणाम वजनाच्याही आधी दिसतो. बायपास झालेल्या कित्येकांची शुगर काही दिवसांतच खाली येते, वजन अजून फार हललेलंही नसतं, इन्सुलिनचे डोस झपाट्याने कमी करावे लागतात. वॉल्टर पोरीस नावाच्या अमेरिकन सर्जनने 1995 मध्ये हे ठळकपणे मांडलं तेव्हा डायबिटीसवाल्या डॉक्टरांनाही पचायला जड गेलं होतं की साखरेच्या आजारावर सर्जन उपाय सांगतोय. पुढे क्लीव्हलंड क्लिनिकने 150 पेशंट घेऊन चाचणी केली, काहींना फक्त औषधं, काहींना औषधं अधिक बायपास, काहींना औषधं अधिक स्लीव्ह. पाच वर्षांनी एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) 6 किंवा त्याखाली असलेले लोक औषधवाल्यांत 5 टक्के, बायपासवाल्यांत 29 टक्के आणि स्लीव्हवाल्यांत 23 टक्के. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचा. औषधांपेक्षा कितीतरी सरस, हे खरं, पण ऑपरेशन झालेल्यांतले बहुसंख्य त्या कडक मर्यादेखाली राहिले नाहीत हेही तेवढंच खरं. म्हणून 'डायबिटीस मुळापासून बरा' अशी जाहिरात दिसली की दोन पावलं मागे सरका. डॉक्टर रेमिशन म्हणतात, म्हणजे आजार दबलाय. डायबिटीस नवा असेल, इन्सुलिन सुरू झालं नसेल तर शक्यता जास्त, पंधरा-वीस वर्षं जुना असेल तर कमी.

वजन किती उतरतं? स्लीव्हमध्ये एकूण वजनाच्या साधारण चौथा हिस्सा, बायपासमध्ये साधारण 30 टक्के, कमीजास्त. म्हणजे 120 किलोचा माणूस 85 ते 90 ला येतो, 60 ला नाही. ही अपेक्षा आधीच नीट ठेवली नाही तर पुढे उगाच हिरमोड होतो. बाकी गुडघे, बीपी, फॅटी लिव्हर, पीसीओएसमुळे अडलेली पाळी, रात्री घोरताना श्वास अडकणं, या सगळ्यात बऱ्याच जणांना फरक पडतो. मावशीच्या बाबतीत घरच्यांच्या सगळ्यात आधी लक्षात आलं ते घोरणं थांबल्याचं, काकांना शांत झोप लागायला लागली.

आयुष्य वाढतं का, तर स्वीडनमध्ये 1987 पासून एक मोठा अभ्यास चालू आहे, ऑपरेशन केलेले सुमारे दोन हजार आणि न केलेले साधारण तेवढेच. त्यात ऑपरेशनवाले न केलेल्यांपेक्षा सरासरी 3 वर्षं जास्त जगले असं 2020 मध्ये समोर आलं. पण त्याच अभ्यासात ते सर्वसाधारण लोकांपेक्षा साडेपाच वर्षं कमीच जगले. हा दुसरा आकडा हॉस्पिटलच्या माहितीपत्रकात सहसा नसतो.

धोक्याचं काय. ऑपरेशन दुर्बिणीतून असलं तरी मोठंच आहे. चांगल्या, सराव असलेल्या सेंटरमध्ये पहिल्या महिन्यात मृत्यूचं प्रमाण हजारात एक ते तीनच्या आसपास, म्हणजे पित्ताशय काढणं किंवा गुडघा बदलणं या ओळखीच्या ऑपरेशनांच्या पंगतीत बसतं. सर्जनला सगळ्यात जास्त धास्ती असते ती लीकची, म्हणजे स्टेपलच्या रेषेतून किंवा जोडातून गळती होऊन पोटात इन्फेक्शन होणं. होतं शंभरात एखाद्याला, पण झालं तर प्रकरण गंभीर. दुसरी भीती पायात गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याची, म्हणून त्याच दिवशी चालवतात आणि रक्त पातळ करायची इंजेक्शनं देतात. भरभर वजन उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात, त्यासाठी बरेच डॉक्टर सहा महिने गोळ्या देतात. स्लीव्हनंतर छातीत जळजळ, ॲसिडिटी वाढू शकते, त्यामुळे ज्यांना आधीच जोरदार ॲसिडिटी आहे त्यांना बहुतेक वेळा बायपास सुचवतात. बायपासनंतर गोड एकदम खाल्लं तर डंपिंग होतं, धडधड, घाम, चक्कर, पोटात कळ, आणि मग आपोआप जिलबीची इच्छा मरते.

आपल्याकडे या विषयाचं नाव दोन वेळा घराघरात पोचलं. 2011 मध्ये नितीन गडकरींनी मुंबईत ऑपरेशन करून घेतलं आणि पुढे ते त्याबद्दल मोकळेपणाने बोलले, त्यामुळे निदान राजकारण्याने केलं म्हणजे काही लाजायचं नाही एवढं तरी झालं. दुसरी बातमी 2017 ची, इजिप्तहून मालवाहू विमानाने आणलेल्या इमान अहमदची. वजन सुमारे 500 किलो सांगितलं जात होतं, मुंबईत स्लीव्ह झाली, वजन पुष्कळ उतरलं, मग घरचे आणि हॉस्पिटल यांच्यात वाद, मग अबुधाबी, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती गेली. ते पाहून अनेकांनी ऑपरेशनची धास्ती घेतली. पण अंथरुणाला खिळलेली, हृदय-किडनी आधीच थकलेली, अशा अवस्थेतल्या पेशंटवरून 42 बीएमआयच्या चालत्याफिरत्या माणसाचा धोका मोजता येत नाही. उलट माझ्या मते त्यातून एवढंच दिसतं की शरीर पार मोडेपर्यंत थांबू नये.

ऑपरेशनच्या आधी बऱ्याच तपासण्या होतात, एंडोस्कोपी, सोनोग्राफी, थायरॉइड, हृदय, झोपेची तपासणी, आणि चांगल्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञाशी बोलणंही. शेवटचं लोक टाळायला बघतात, 'मी काय वेडा आहे का' म्हणून. पण ताण आला की फ्रीज उघडायची सवय ऑपरेशनने जात नाही, आणि खाणं हाच आधार असेल तर तो आधार एकदम काढून घेतल्यावर काहीजण दारूकडे वळतात. बायपासनंतर दारू झटकन चढते आणि व्यसनाचा धोका वाढतो, हे संशोधनात स्पष्ट दिसलंय. नैराश्य असलेल्यांवर नंतरही लक्ष ठेवावं लागतं. सिगरेट-तंबाखू आधीच बंद. आणि शेवटचे एक-दोन आठवडे कमी कॅलरीचा, बहुतांशी पातळ आहार देतात, तो का माहितीये? लिव्हर चरबीने मोठं झालेलं असतं आणि ते नेमकं जठराच्या वर असतं, ते आकसलं नाही तर सर्जनला आतलं दिसतच नाही. म्हणून आदल्या दिवशी 'आता शेवटचं' म्हणून बिर्याणी हाणू नका.

नंतरचं खाणं हा वेगळाच अध्याय. पहिले एक-दोन आठवडे निव्वळ पातळ: ताक, वरणाचं पाणी, गाळलेलं सूप, प्रोटीन पावडर, तेही घोट घोट. मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ मुगाची खिचडी, भुर्जी, कुस्करलेलं पनीर, आणि महिना-दीड महिन्याने हळूहळू घरचं नेहमीचं. पाणी जेवताना नाही, अर्धा तास आधी किंवा नंतर. आपल्या मराठी ताटाचा प्रॉब्लेम असा की ते पोळी-भातावर उभं आहे आणि या पोटात आधी पोळी-भात गेला तर बाकीला जागाच नाही. दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रोटीन लागतं, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतात. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम, वाटीभर वरणात त्याच्याच आसपास, आता शाकाहारी माणसाने हे 60 कुठून आणायचे याचा हिशोब तुम्हीच करा, म्हणून पनीर, दही, सोयाबीन, मोड आलेली कडधान्यं आधी आणि पोळी शेवटी, अर्धी. उपास हा आणखी एक घोळ. चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी म्हणजे नुसता स्टार्च, प्रोटीनचा त्यात पत्ता नाही, शेंगदाण्याच्या कुटाने जेवढं मिळेल तेवढंच. मावशीने संकष्टी सोडली नाही, फक्त साबुदाण्याच्या जागी दही-पनीर-दाणे आले, गणपतीची हरकत आल्याचं काही कानावर नाही.

आणि गोळ्या. हा भाग लोक सगळ्यात हलक्यात घेतात. बी12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, मल्टिव्हिटॅमिन हे जन्मभर. बरं वाटायला लागलं, बारीक झालो, आता कशाला गोळ्या, असं करून दोन वर्षांनी हातापायाला मुंग्या, प्रचंड थकवा, हिमोग्लोबिन घसरलेलं अशी माणसं परत येतात. शाकाहारी घरांत बी12 आधीच कमी असतं, त्यात हे. पहिल्या वर्षी दोन-तीनदा आणि मग दरवर्षी रक्त तपासायचं. तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान केस मूठमूठ गळतात, बायका हादरतात, पण प्रोटीन-लोह नीट असेल तर बहुतेक वेळा परत येतात. कातडी मात्र लोंबते आणि ती व्यायामाने पूर्ण भरून येत नाही, काहींना त्यासाठी वेगळी सर्जरी करावी लागते आणि तिचा खर्च बहुतेक वेळा स्वतःच्या खिशातून. मूल हवं असेल तर 12 ते 18 महिने थांबायला सांगतात. त्या काळात गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नका, बायपासनंतर त्या नीट शोषल्या जातीलच असं नाही, उलट वजन उतरल्यामुळे दिवस राहण्याची शक्यता वाढलेली असते. डॉक्टरांना दुसरा पर्याय विचारा.

वजन परत येतं का? थोडं येतंच. सगळ्यात खाली गेल्यावर दोन-तीन वर्षांनी काही किलो वाढणं अपेक्षित आहे. जास्त वाढतं ते पातळ आणि कुरकुरीत गोष्टींनी. पिशवी लहान असली तरी मिल्कशेक, आइस्क्रीम, फरसाण तिच्यातून सुरसुर निघून जातं, दिवसभर थोडं थोडं चरत राहिलं की सर्जन काय करणार.

मग वजन उतरवायची ती इंजेक्शनं आहेत ना आता, हा प्रश्न हल्ली येतोच. 2025 मध्ये मौंजारो आणि मग वेगोवी भारतात आली. ती काम करतात, आणि मजा म्हणजे त्याच जीएलपी-1 च्या वाटेने करतात जी सर्जनला आधी योगायोगाने सापडली होती. चाचण्यांत सेमाग्लुटाइडने (वेगोवीतलं औषध) सरासरी 15 टक्के आणि टिर्झेपटाइडने (मौंजारोतलं) मोठ्या डोसला 20 टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. पण सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलं. म्हणजे आठवड्याचं इंजेक्शन वर्षानुवर्षं चालू ठेवायची तयारी आणि पैसे, दोन्ही हवेत. बीएमआय 32 असेल तर मी आधी इंजेक्शनबद्दल विचारेन, 45 असेल आणि शुगरही असेल तर सर्जनकडेही जाऊन येईन. हल्ली दोन्ही मिळूनही वापरतात, आधी इंजेक्शनने थोडं उतरवून मग ऑपरेशन, किंवा ऑपरेशननंतर वजन परत चढायला लागलं तर इंजेक्शन.

खर्च मोठ्या शहरात तीन ते पाच लाखांच्या घरात धरून चाला, हॉस्पिटल, रूम आणि प्रकार यावर बदलतो. हेल्थ इन्शुरन्समध्ये हे मिळत नाही असा समज आहे, तो जुना. आयआरडीएआयच्या (इन्शुरन्स कंपन्यांसाठी नियम ठरवणारी सरकारी संस्था) सध्याच्या नियमांत वय 18 किंवा जास्त, डॉक्टरांचा सल्ला, आणि बीएमआय 40 किंवा त्याहून जास्त, नाहीतर 35 किंवा जास्त आणि सोबत हृदयविकार, गंभीर स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं) किंवा कंट्रोलमध्ये न येणारा डायबिटीस, शिवाय आधीचे साधे उपाय करून झालेले, अशा अटींवर ते लागू होतं. म्हणजे बघा, डॉक्टरांची मोजपट्टी 27.5 पर्यंत खाली आली आणि इन्शुरन्स अजून 1991 च्याच आकड्यांवर! पॉलिसीचा वेटिंग पीरियड वेगळाच. आधी लेखी प्री-ऑथरायझेशन, म्हणजे कंपनीची आगाऊ मंजुरी घ्या, आणि डाएटिशियनच्या जुन्या चिठ्ठ्या, शुगरचे रिपोर्ट, झोपेची तपासणी हे सगळं फाइलला लावून ठेवा, कारण 'आधी प्रयत्न केले होते' हे कागदावर दाखवावं लागतं.

सर्जन निवडताना वर्षाला किती करता, लीक किती झाले, नंतर फॉलोअपला कोण असतं, डाएटिशियन फोन उचलते का, हे बिनधास्त विचारा, चांगले डॉक्टर चिडत नाहीत. आणि एक गोष्ट घरच्यांनीही लक्षात ठेवायची: पुढे कधीही, दहा वर्षांनीसुद्धा, दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर बायपास झालीये हे आधी सांगा. कंबर दुखली म्हणून मेडिकलमधून ब्रूफेन किंवा डायक्लोफेनॅक आणून घ्यायचं नाही, जोडाच्या जागी अल्सर होतो, चालत असेल तर पॅरासिटामॉल, तेही विचारून. पोटात अचानक जोराची कळ आली, जी थांबत नाही, तर ती गॅसची समजून ओवा चघळत घरी बसायचं नाही, आतडं आतल्या आत अडकलेलं असू शकतं. आणि सलग दोन-तीन दिवस उलट्या होत असतील तर हॉस्पिटलला जाऊन सलाइन लावायच्या आधी बी1 चं इंजेक्शन दिलंय का ते विचारा, कारण बी1 कमी असताना नुसतं ग्लुकोज दिलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, आणि कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला तुमचं ऑपरेशन माहीत असेलच असं नाही. मावशीने हे सगळं एका कार्डावर लिहून पर्समध्ये आधार कार्डाच्या मागे ठेवलंय.